बेसबॉलमधील पिचरची पवित्रा-स्थिती : नियमांचा अर्थ आणि पंचांची अंमलबजावणी

प्रस्तावना

क्रीडाप्रकारांच्या नियमांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील नियम मोजपट्टीने किंवा घड्याळाने तपासता येतात. दुसऱ्या वर्गातील नियमांची भाषा वरवर पाहता तितकीच निश्चित असते. परंतु मैदानावर त्यांचा अर्थ पंचाच्या नजरेतून आणि निर्णयशक्तीतूनच ठरत असतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकण्यापूर्वी पिचरने कसे उभे राहावे, दोन्ही हात कोठे ठेवावेत, कोणता पाय केव्हा व कोणत्या दिशेने उचलावा, यासंबंधीचे नियम या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्या भंगाला, बेसवर धावक असताना, 'बाल्क' अशी संज्ञा आहे. बाल्क जाहीर होताच प्रत्येक धावकाला एक बेस विनासायास मिळतो. तिसऱ्या बेसवर धावक असेल तर संघाला धाव मिळते. अर्धा क्षण न थांबलेला हात किंवा चार इंच भलतीकडे पडलेला पाय यांवर सामन्याचा निकाल अवलंबून राहू शकतो, म्हणून या नियमांचा अर्थ लावणे ही पंचाची एक कठीण परीक्षा मानली जाते.

महाराष्ट्रात शालेय आणि आंतरविद्यापीठीय स्तरांवर बेसबॉल खेळला जात असला, तरी मराठी वाचकाची मैदानी जाण प्रामुख्याने क्रिकेटवर घडलेली आहे. त्यामुळे हे नियम वाचताना त्याला साहजिकच गोलंदाजाच्या पायाचा नो-बॉल आठवतो. ही तुलना काही अंशी उपयुक्त, परंतु बऱ्याच अंशी दिशाभूल करणारी आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या पायावरील बंधन फलंदाजाच्या संरक्षणासाठी असते व ते आखलेल्या रेषेशी निगडित असते. बेसबॉलमध्ये पिचरच्या पवित्र्यावरील बहुतेक बंधने बेसवरील धावकाच्या संरक्षणासाठी आहेत आणि त्यांतील पुष्कळशी बंधने जमिनीवर आखलेल्या कोणत्याही रेषेशी जोडलेली नाहीत. क्रिकेटमध्ये पुढच्या पायाचा नो-बॉल २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिसऱ्या पंचाच्या पडद्यावर जाऊ लागला. बाल्कचा निर्णय मात्र अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये चित्रफितीच्या फेरतपासणीच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आला आहे. तो मैदानावरच्या पंचाचा, त्याच क्षणी घेतलेला आणि अंतिम निर्णय असतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची अधिकृत नियमावली आधारभूत मानली आहे. या नियमावलीची २०१५ मध्ये पुनर्रचना झाली. पूर्वी आठव्या प्रकरणात असलेले पिचरसंबंधीचे नियम आता ५.०७ आणि ६.०२ या क्रमांकांखाली आढळतात. जुन्या पंच-पुस्तिकांतील '८.०१' व '८.०५' हे क्रमांक वाचताना हा बदल लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ऐतिहासिक पीठिका

बाल्कची कल्पना या खेळाइतकीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये तयार केलेल्या नियमांतही पिचरने बाल्क केल्यास धावकाला एक बेस निर्धोकपणे मिळावा, अशी तरतूद होती. त्या काळी पिचर आखलेल्या चौकटीत हालचाल करून चेंडू फेकत असे. १८९३ मध्ये चौकट जाऊन तिच्या जागी रबरी पट्टी आली आणि पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे १८.४४ मीटर, असे निश्चित झाले. १८९५ मध्ये पट्टीचा आकार २४ इंच बाय ६ इंच करण्यात आला. ही दोन्ही मापे आजही कायम आहेत. पट्टी ज्या मातीच्या उंचवट्यावर बसवलेली असते त्याची उंची मात्र १९६९ मध्ये १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली, कारण १९६८ च्या हंगामात पिचरांनी बॅटरांवर फारच वर्चस्व गाजवले होते.

पवित्र्याच्या दृष्टीने १८९३ चा बदल सर्वांत महत्त्वाचा ठरला. चौकटीत वावरणारा पिचर आता एका अरुंद पट्टीला बांधला गेला. पट्टीला पायाचा स्पर्श असणे वा नसणे ही पिचरच्या कायदेशीर अस्तित्वाची कसोटी बनली. पट्टीला पाय लागलेला असेपर्यंत तो 'पिचर' असतो व त्याच्यावर सर्व बंधने लागू होतात. पाय रीतसर मागे घेतला की तो इतर क्षेत्ररक्षकांसारखाच एक क्षेत्ररक्षक होतो.

धावक आणि सेकंदाचे गणित

नियम इतके काटेकोर का, याचे उत्तर बेस चोरण्याच्या गणितात आहे. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. पहिल्या बेसवरील धावक काही पावले पुढे सरकून उभा राहतो आणि पिचर फेकीला बांधील झाला असे दिसताच दुसऱ्या बेसकडे धाव घेतो. चपळ धावकाला हे अंतर कापण्यास ढोबळमानाने सव्वातीन ते साडेतीन सेकंद लागतात. पिचरची पहिली हालचाल ते चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पोहोचणे यास सुमारे १.३ सेकंद आणि कॅचरकडून चेंडू दुसऱ्या बेसवर पोहोचण्यास सुमारे २ सेकंद, असा हिशेब प्रशिक्षक मांडतात. म्हणजेच दोन्ही बाजूंची बेरीज जवळजवळ समान येते. अशा परिस्थितीत पिचरने फेकीचा आभास निर्माण करून चेंडू पहिल्या बेसकडे वळवला, किंवा न थांबता अनपेक्षितपणे फेक केली, तर धावकाला काही वाव उरणार नाही. चकवणे हा या खेळाचा एक भाग आहे हे खरे. परंतु त्याची सीमा कोठे आखावी, हाच या नियमांचा विषय होय.

दोन अधिकृत स्थिती

नियम ५.०७ नुसार पिचरला दोनच स्थिती अनुज्ञेय आहेत : विंडअप आणि सेट. यांपैकी कोणतीही स्थिती केव्हाही स्वीकारण्याची मुभा आहे. धावक असताना विंडअप घेऊ नये असे नियम सांगत नाही. ते केवळ शहाणपणाचे नसते, कारण विंडअपची हालचाल लांबलचक असल्याने धावकाला वेळ मिळतो.

विंडअप स्थितीत पिचर बॅटरसमोर तोंड करून उभा असतो. त्याचा आधारपाय (उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा, डाव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा) पट्टीला टेकलेला असतो व दुसरा पाय मोकळा असतो. या स्थितीतून फेकीशी स्वाभाविकपणे निगडित अशी कोणतीही हालचाल सुरू झाली की पिचर ती फेक अखंडपणे व फेरबदल न करता पूर्ण करण्यास बांधील होतो. प्रत्यक्ष फेकीच्या वेळी मोकळ्या पायाने एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे टाकण्याची परवानगी आहे. त्यापलीकडे पाय उचलता येत नाही.

सेट स्थितीत आधारपाय पट्टीला टेकलेला व मोकळा पाय पट्टीच्या पुढे असतो. पिचर प्रथम एक हात बाजूला ठेवून उभा राहतो, नंतर दोन्ही हात एकत्र आणून चेंडू शरीरासमोर धरतो आणि पूर्णपणे थांबतो. या थांबण्यापूर्वीच्या ताणल्यासारख्या हालचालीला 'स्ट्रेच' म्हणतात. थांबल्यानंतर त्याच्यासमोर तीन मार्ग असतात : बॅटरकडे फेक करणे, बेसकडे पाऊल टाकून चेंडू फेकणे, किंवा आधारपाय पट्टीमागे घेऊन स्थिती मोडणे.

कागदावर या दोन स्थितींतील भेद स्पष्ट दिसतो. अडचण मधल्या प्रकाराने निर्माण केली. काही पिचर आधारपाय पट्टीला समांतर व मोकळा पाय पट्टीच्या पुढे ठेवून, म्हणजे हुबेहूब सेट स्थितीसारखे उभे राहून, आपण विंडअपमधून फेकत आहोत असे सांगू लागले. तसे असेल तर पूर्ण थांबण्याचे बंधन त्यांना लागू होत नाही. धावकाला व पंचाला मात्र समोर काय चालले आहे हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. यावर नियमावलीने काढलेला तोडगा कायदेशास्त्रातील गृहीतकासारखा आहे. बेसवर धावक असताना पिचर अशा रीतीने उभा असेल, तर तो सेट स्थितीतच आहे असे मानले जाते. त्याला विंडअप वापरायचा असल्यास बॅटरची पाळी सुरू होण्यापूर्वी पंचाला तसे कळवावे लागते. पाळी सुरू झाल्यानंतर हे कळवण्याची संधी दोनच प्रसंगी मिळते : फलंदाजी करणाऱ्या संघाने खेळाडू बदलल्यास, किंवा धावक पुढे सरकल्यास, पुढील फेकीपूर्वी. येथे पंचाचे काम न्यायाधीशापेक्षा नोंदणी-अधिकाऱ्यासारखे होते. पिचरने केलेली घोषणा प्रतिस्पर्धी संघाच्या कानावर घालणे ही त्याची जबाबदारी ठरते. ती चुकल्यास नियमाचा हेतूच विफल होतो.

संकेत घेण्याच्या नियमाचाही येथे उल्लेख करावयास हवा. पिचरने कॅचरचे संकेत पट्टीला पाय लावूनच घ्यावेत असे नियम सांगतो. हे न पाळल्यास लगेच बाल्क होतो असा समज पंचांच्या नवशिक्या वर्गात आढळतो. तो बरोबर नाही. या तरतुदीचा हेतू पिचरने मागून येऊन, पट्टीवर पाय ठेवताच चेंडू फेकू नये, एवढाच आहे. बॅटर सज्ज होण्यापूर्वी केलेली अशी फेक धोकादायक असते. धावक असल्यास तो बाल्क व नसल्यास एक 'बॉल' दिला जातो. २०२२ पासून संकेत विद्युत उपकरणातून पिचरच्या टोपीत पोहोचू लागले असले, तरी पट्टीवर क्षणभर उभे राहण्याची आवश्यकता त्यामुळे संपलेली नाही.

'पूर्ण थांबणे' म्हणजे काय?

सर्व वादांचे मूळ या दोन शब्दांत आहे. हात खाली येऊन पुन्हा वर जाताना दिशा बदलण्यासाठी एक क्षण स्तब्ध होतातच. तो दिशाबदल म्हणजे थांबणे नव्हे, हे पंचांना आवर्जून शिकवले जाते. परंतु मग किती काळ स्तब्ध राहिल्यास ते थांबणे ठरते? नियमावली आज याचे उत्तर सेकंदात देत नाही. ज्या ज्या वेळी उत्तर अधिक नेमके करण्याचा प्रयत्न झाला, त्या त्या वेळी काय घडले हे पाहणे उद्बोधक आहे.

१९५० मध्ये पूर्ण एक सेकंद थांबण्याच्या तरतुदीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. ३ मे १९५० रोजी न्यूयॉर्क यांकीजचा पिचर व्हिक रॅशी याच्यावर एकाच सामन्यात चार बाल्क लागले. १९६३ मध्ये नॅशनल लीगने पुन्हा एका सेकंदाचा आग्रह धरला. त्या वर्षी ४ मे रोजी मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या बॉब शॉ याने एका सामन्यात पाच बाल्क करून विक्रम नोंदवला. दोन्ही वेळा पिचर एकाएकी अप्रामाणिक झाले होते असे कोणी म्हणणार नाही. बदलला होता तो मापदंड.

सर्वांत बोलके उदाहरण १९८८ चे आहे. त्या हंगामासाठी 'पूर्ण थांबणे' याऐवजी 'दोन्ही पाय जमिनीवर असताना पूर्ण व स्पष्ट दिसेल असे थांबणे' अशा आशयाची शब्दरचना करण्यात आली. एका विशेषणाची भर पडली, एवढेच. परिणामी १९८७ मध्ये दोन्ही लीगमध्ये मिळून ३५६ असलेली बाल्कची संख्या १९८८ मध्ये ९२४ वर गेली. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टने त्या हंगामात १६ बाल्क केले, जो एका हंगामाचा विक्रम ठरला. विशेष म्हणजे त्याच हंगामात त्याने २१ सामने जिंकले. म्हणजे बाल्कची संख्या ही पिचरच्या अकुशलतेची निशाणी नव्हती. ती नव्या शब्दाशी जुळवून घेण्याची किंमत होती. पुढील हंगामात जुनी शब्दरचना परत आणण्यात आली.

या अनुभवातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. नियमाचा मजकूर कायम राहूनही अंमलबजावणीची पातळी बदलू शकते व मजकुरातील एक शब्द संपूर्ण हंगामाचे चित्र पालटू शकतो. नेमकेपणा वाढवल्याने वाद कमी होतील ही अपेक्षा रास्त असली, तरी येथे ती फोल ठरली. कारण पिचरची सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंत मुरलेली असते. वसंत ऋतूतील काही आठवड्यांच्या सूचनांनी ती बदलत नाही.

आजच्या काळातही हा प्रश्न सुटलेला नाही. २७ सप्टेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या सामन्यात मायामी मार्लिन्सचा डावखुरा पिचर रिचर्ड ब्लायर याच्यावर पीट अलॉन्सो या एकाच बॅटरच्या पाळीत तीन बाल्क जाहीर झाले. पहिल्या बेसवर उभा असलेला जेफ मॅकनील हा धावक एकही फटका न लागता तीन बेस चालत जाऊन धाव पूर्ण करता झाला. तिन्ही निर्णय पहिल्या बेसवरील पंच जॉन टम्पेन यांचे होते आणि कारण एकच होते : पिचर पूर्णपणे थांबला नाही. ब्लायरच्या मेजर लीगमधील कारकिर्दीत त्यापूर्वी एकही बाल्क नोंदलेला नव्हता. येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पिचरच्या दृष्टीने, जी हालचाल अनेक वर्षे निर्दोष मानली गेली तीच अचानक दोषी ठरली. पंचाच्या दृष्टीने, पहिला निर्णय दिल्यानंतर तीच हालचाल पुन्हा दिसली असता गप्प बसणे म्हणजे पहिला निर्णय चुकीचा होता अशी कबुली देणे. नियमाची भाषा पंचाच्या बाजूने आहे, कारण न थांबल्यास तत्काळ बाल्क द्यावा असे ती निःसंदिग्धपणे बजावते. तरीही वर्षानुवर्षे पंचांच्या निरनिराळ्या तुकड्यांनी जे चालू दिले, ते हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत एका पंचाने बंद करावे, यातील विसंगती नियमाच्या आधाराने झाकता येत नाही.

बेसवर धावक नसताना मात्र पूर्ण थांबण्याचे बंधन नाही. बॅटरला गाफील गाठण्याचा हेतू नसेल तर पंचाने तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही. नियमाचे संरक्षण कोणासाठी आहे, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

पायाची दिशा

पट्टीवरून बेसकडे चेंडू फेकताना पिचरने आधी त्या बेसच्या थेट दिशेने पाऊल टाकले पाहिजे. उजव्या हाताच्या पिचरच्या बाबतीत पहिल्या बेसकडे फेकताना त्याला शरीर वळवावे लागत असल्याने दोष लवकर दिसतो. डावखुरा पिचर पहिल्या बेसकडे तोंड करूनच उभा असतो. तो मोकळा पाय उचलतो, तेव्हा तो पाय होम प्लेटकडे जाणार की पहिल्या बेसकडे, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. त्यामुळे पंच मनातल्या मनात पट्टीपासून होम प्लेट आणि पहिला बेस यांच्या मधोमध जाणारी ४५ अंशांची रेषा कल्पितात. पाय त्या रेषेच्या होम प्लेटकडील बाजूस पडला व चेंडू पहिल्या बेसकडे गेला, तर बाल्क. ही रेषा नियमावलीच्या मजकुरात कोठेही नाही. ती पंचांच्या परंपरेने निर्माण केलेली कसोटी आहे. संहितेबाहेरचा संकेत संहितेइतकाच बंधनकारक कसा होतो, याचा अभ्यास करणाऱ्याला यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. याउलट, मोकळा पाय झोका घेऊन पट्टीच्या मागील कडेपलीकडे गेला, तर पिचरने बॅटरकडेच फेक केली पाहिजे, ही तरतूद लिखित आहे. तिला एकच अपवाद आहे, तो दुसऱ्या बेसवरील धावकाला बाद करण्यासाठी केलेल्या फेकीचा.

पहिल्या व तिसऱ्या बेसवर धावक असताना तिसऱ्या बेसकडे फेकण्याचा आव आणून लगेच पहिल्या बेसकडे वळण्याची क्लृप्ती अनेक दशके कायदेशीर होती. २०१३ पासून तिसऱ्या बेसकडील हूलही बाल्क ठरवण्यात आली. आता पट्टीवर असताना केवळ दुसऱ्या बेसकडेच हूल देता येते.

पट्टी सोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. आधारपाय प्रथम व मागील बाजूस उचलला गेला पाहिजे. मोकळा पाय आधी हलला तर ती फेकीची सुरुवात मानली जाते. ही बाब पंचाने का टिपून ठेवावी, याचे कारण केवळ बाल्कपुरते मर्यादित नाही. पट्टीवर असताना पिचरने बेसकडे फेकलेला चेंडू खेळाच्या हद्दीबाहेर गेल्यास धावकांना एक बेस मिळतो. पट्टी सोडून फेकलेला चेंडू बाहेर गेल्यास दोन बेस मिळतात. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडल्यावर सर्वांचे डोळे तिकडे लागतात, पण निर्णय मात्र काही क्षणांपूर्वी मातीत उमटलेल्या एका पावलावर द्यायचा असतो.

पावलांची संख्या हा अलीकडचा वादविषय आहे. मायामी मार्लिन्सच्या कार्टर कॅप्सची फेक २०१५ मध्ये चर्चेत आली. तो फेकीदरम्यान आधारपायाने पुढे उडी घेऊन चेंडू सोडत असे. त्यामुळे चेंडू ६० फूट ६ इंचांपेक्षा बऱ्याच कमी अंतरावरून सुटे व बॅटरला मिळणारा वेळ घटे. २०१७ मध्ये नियमाच्या स्पष्टीकरणात भर घालून होम प्लेटकडे दुसरे पाऊल टाकणे किंवा आधारपाय पुन्हा नव्याने रोवणे निषिद्ध करण्यात आले. पुढे ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या लुईस गार्सियाला, बाळाला जोजवल्यासारखी डोलणारी आपली विंडअप २०२३ च्या हंगामापूर्वी बदलावी लागली. त्याच्या पावलांनी अंतर कमी होत नव्हते. तथापि एक पाऊल मागे व एक पुढे ही मर्यादा त्यात ओलांडली जात होती. कॅप्सच्या बाबतीत नियमाने खरोखरच एका अनुचित लाभाला आळा घातला. गार्सियाच्या बाबतीत मात्र एका निरुपद्रवी लकबीचा बळी गेला, असे म्हणावे लागते.

दंडाची अंमलबजावणी

बाल्क दिसताच पंच तो मोठ्याने व बोट दाखवून जाहीर करतो. व्यावसायिक नियमांनुसार त्या क्षणी खेळ आपोआप थांबत नाही, हे पुष्कळ प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. पिचरने त्याही स्थितीत बॅटरकडे चेंडू फेकला आणि बॅटर फटका मारून पहिल्या बेसवर पोहोचला व इतर सर्व धावक किमान एक बेस पुढे सरकले, तर बाल्क घडलाच नाही असे समजून खेळ ग्राह्य धरला जातो. यांपैकी एकही अट पुरी झाली नाही तर चेंडू मृत ठरतो, धावकांना प्रत्येकी एक बेस मिळतो आणि बॅटर पूर्वीच्याच गणनेसह पुन्हा उभा राहतो. म्हणजे पहिल्या बेसवर धावक असताना बाल्क जाहीर झाला व बॅटरचा उंच फटका झेलला गेला, तर तो झेल व्यर्थ जातो. बाल्क करून पिचरने बेसकडे भरकटलेला चेंडू फेकला, तर धावक आपल्या हक्काच्या बेसपुढे स्वतःच्या जोखमीवर धावू शकतो. अपराध करणाऱ्या संघाला आपल्याच अपराधाचा फायदा मिळू नये, हे तत्त्व यामागे आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या नियमावलीत मात्र बाल्क होताच चेंडू मृत होतो. दोन्ही स्तरांवर काम करणाऱ्या पंचाने त्या दिवशी आपण कोणत्या नियमावलीखाली उभे आहोत याची मनाशी उजळणी केलेली बरी.

बेसवर कोणीच नसल्यास बाल्क संभवत नाही. नियमबाह्य फेकीबद्दल तेव्हा बॅटरच्या खात्यात एक 'बॉल' जमा होतो. हातातून निसटलेल्या चेंडूबाबतही असाच भेद आहे. धावक नसताना तो फाऊल रेषा ओलांडून गेला तर 'बॉल', अन्यथा ती फेकच नव्हे; धावक असताना मात्र बाल्क.

हा दोष कोणी पाहावा, हा प्रश्न पंचांच्या संख्येशी निगडित आहे. मेजर लीगमध्ये चार पंच असतात. हौशी सामन्यांत बहुधा दोनच. पहिल्या बेसवर धावक असताना मैदानातील पंच उंचवटा व दुसरा बेस यांच्या दरम्यान, म्हणजे पिचरच्या पाठीमागे उभा राहतो. तेथून त्याला आधारपाय व खांद्यांची हालचाल चांगली दिसते. परंतु शरीरासमोर धरलेले हात थांबले की नाही हे दिसत नाही. ते होम प्लेटमागील पंचाला दिसते, आणि त्याची नजर तर लवकरच येणाऱ्या चेंडूकडे लागलेली असते. म्हणून दोघांनी सामन्यापूर्वी हात कोणी व पाय कोणी पाहायचे याची वाटणी करून घेण्याची पद्धत आहे.

हेतू आणि कृती

नियम ६.०२ मध्ये बाल्कचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांच्या शेवटी पंचांना एक सूचना आहे : बाल्कच्या नियमाचा उद्देश पिचरला धावकाची जाणूनबुजून फसवणूक करण्यापासून रोखणे हा आहे व पंचाच्या मनात संशय असेल तेव्हा पिचरचा हेतू निर्णायक मानावा. या सूचनेचा अनेकदा भलताच अर्थ लावला जातो. हेतू निर्दोष असेल तर बाल्क देऊ नये, असे ती म्हणत नाही. कृती घडली की नाही याविषयी संशय असल्यासच हेतूकडे वळायचे आहे. चेंडू हातात नसताना पट्टीवर वा पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहणे, यासारख्या कृतीत तर फसवणुकीचा हेतू नियमानेच गृहीत धरला आहे.

या भेदाचे प्रसिद्ध उदाहरण ११ जुलै १९६१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर झालेल्या ऑल-स्टार सामन्यात घडले. नवव्या डावात पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावक असताना सेट स्थितीत थांबलेला पिचर स्टू मिलर सोसाट्याच्या वाऱ्याने हलला. पंचांनी बाल्क दिला आणि दोन्ही धावक एकेक बेस पुढे गेले. वाऱ्याने हललेल्या माणसाचा हेतू फसवण्याचा होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु हालचाल झाली याविषयीही कोणाला संशय नव्हता, म्हणून हेतूचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे त्याच डावात बरोबरी झाली, तरी दहाव्या डावात नॅशनल लीगने सामना जिंकला आणि विजयी पिचर म्हणून मिलरचीच नोंद झाली.

२०२३ नंतरची परिस्थिती

२०२३ मध्ये मेजर लीगने फेकीसाठी घड्याळ आणले : बेस रिकामे असताना १५ सेकंद आणि धावक असताना २० सेकंद. दुसरी मर्यादा २०२४ मध्ये १८ सेकंदांवर आली. याचबरोबर एका बॅटरच्या पाळीत पिचरला पट्टी सोडण्याची किंवा बेसकडे चेंडू फेकण्याची मुभा दोनदाच देण्यात आली. तिसऱ्या प्रयत्नात धावक बाद झाला नाही तर बाल्क. बेसची रुंदीही १५ इंचांवरून १८ इंच झाली. या बदलांनंतर चोरलेल्या बेसची संख्या २०२२ मधील २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर गेली.

पंचाच्या दृष्टीने यातील सूक्ष्म बदल असा की पूर्वी पट्टी रीतसर सोडणे ही पिचरची सुरक्षित जागा होती. चूक होते आहे असे वाटले की आधारपाय मागे घ्यावा, असे प्रत्येक प्रशिक्षक सांगत असे. आता त्या निर्दोष कृतीचीही मोजदाद होऊ लागली आहे आणि मोजणीची आठवण पंचाला ठेवावी लागते. पट्टीवर उभा पिचर, पुढे सरकलेला धावक, चालू असलेले घड्याळ आणि आधीच खर्ची पडलेल्या दोन संधी, या चारही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवून त्याला पुन्हा त्या जुन्याच प्रश्नाकडे पाहावे लागते : समोरचे हात थांबले होते की नुसतेच वळले होते?